चेनसॉ चालू होते, पण रेस दिली की बसते: घरी काय तपासावं?

कोलशेतकर

५८ सीसीची विनाब्रँड चिनी चेनसॉ आहे, बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) २२ इंची. काम म्हणजे आवारात पडलेल्या फांद्या आणि वाळलेले ओंडके कापणं.

लक्षणं अशी: चोकवर दोन-तीन ओढींत चालू होते. आयडलला टिकते, पण आवाज स्थिर नाही, सारखा वर-खाली होतो. ट्रिगर झटकन दाबला की अडखळून बंद पडते. हळूहळू दाबला तर चढते, पण ओंडक्याला लावताच पुन्हा बसते. गरम झाल्यावर त्रास जास्त. प्लग नवा टाकला, फरक नाही. शिवाय कापताना बारमधून धूर येतो आणि काप सरळ न जाता उजवीकडे वळतो.

दुकानात ‘अख्खा कार्बोरेटर बदला’ असं सांगितलं. त्याआधी घरी काय तपासता येईल? पाने, मल्टिमीटर, फीलर गेज हाताशी आहे.

जुना फिटर

कोलशेतकर, आधी एक विनंती. कार्बोरेटरच्या एच (जास्त रेसचं पेट्रोल) आणि एल (कमी रेसचं पेट्रोल) स्क्रूंना अजून हात लावू नका. लावलाच असेल तर किती फिरवला ते लिहा. मशीन कालपर्यंत त्याच सेटिंगवर नीट चालत होती, म्हणजे बिघडलं ते सेटिंग नाही, दुसरं काहीतरी आहे. स्क्रू फिरवून मशीन चालू ठेवली तर मूळ दोष झाकला जातो, आणि हवा कुठून तरी आत शिरत असेल तर पिस्टन जातो.

तपासणी स्वस्तापासून महागाकडे करा. प्रत्येक वेळी प्लगची टोपी काढूनच चेनजवळ हात न्यायचा. हातमोजे घाला.

एअर फिल्टर काढा. जाळीचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, फेल्टचा असेल तर मऊ ब्रशने झटका. फिल्टर बाहेर असतानाच मशीन दोन सेकंद चालवून बघा. फरक पडला तर उत्तर तिथेच मिळालं. पण फिल्टरशिवाय लाकूड कापू नका, भुसा थेट सिलिंडरमध्ये जातो.

मग टाकीचं झाकण. मशीन बसायला लागली की झाकण अर्धं सैल करा. ‘फुस्स’ आवाज येऊन मशीन पुन्हा सुधारली तर टाकीचा श्वासोच्छ्वासाचा व्हॉल्व्ह तुंबलाय. पेट्रोल संपत जातं तशी आत हवा यायला हवी. ती आली नाही तर टाकीत निर्वात तयार होतो आणि कार्बोरेटरचा पंप पेट्रोल ओढू शकत नाही. नेमकी ‘दहा मिनिटं छान, मग बंद’ ही तक्रार बहुतेकदा याचीच असते.

तिसरं, टाकीतला फिल्टर. तारेचा आकडा करून तो तोंडातून बाहेर काढा. पांढरा फेल्ट काळपट-तपकिरी झाला असेल तर बदला, धुऊन उपयोग नाही. तो बाहेर आला की नळीही बघून घ्या, टाकीच्या भिंतीतून जिथे ती बाहेर पडते तिथे विशेष.

चौथं, सायलेन्सरमधली ठिणगीरोधक जाळी. सगळ्या मॉडेलना नसते. कार्बनने भरली की मशीन आयडलला उत्तम चालते आणि रेसला गुदमरते. तारेच्या ब्रशने साफ होते.

एवढं करून प्लगचा रंग आणि जे सापडेल ते इथे लिहा.

नेरूळचा माळी

सायलेन्सर उघडलाच आहे तर टॉर्च मारून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन बघून घ्या. दोरी हळू ओढली की पिस्टन वर-खाली होताना दिसतो. बाजू गुळगुळीत आणि रिंग मोकळ्या दिसल्या तर पुढचा खर्च करण्यात अर्थ आहे. उभे ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर ते लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त अशा) मिश्रणाचे किंवा ऑइल कमी पडल्याचे. कार्बोरेटर काढल्यावर इनटेकच्या बाजूलाही बघा. तिथे झीज असेल तर फिल्टरमधून धूळ गेलेली असते.

कॉम्प्रेशन गेज असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून पाच-सहा जोरदार ओढी. १५० पीएसआयच्या आसपास असेल तर निश्चिंत. ११० च्या खाली गेलं की चालू होतानाच कुरकुर सुरू होते. गेज नसेल तर स्टार्टरच्या मुठीला धरून मशीन लटकवा. स्वतःच्या वजनाने ती थांबत थांबत खाली यायला हवी. सरसर खाली आली तर रिंग गेल्या.

ऐरोली खाडी

पेट्रोलबद्दल कुणी विचारलंच नाही! कोलशेतकर, पेट्रोल आणि टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनच्या) ऑइलचं मिश्रण कधीचं आहे, कोणतं ऑइल आणि किती?

कारण आता पंपावर ई२० मिळतं. त्यातलं २० टक्के इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि ठाण्या-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर ओलीला तोटा नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतं, पेट्रोल आणि टू-टी ऑइल वर राहतं. टाकीतला फिल्टर कुठे असतो? तळाशी. म्हणजे इंजिनला ऑइल नसलेलं पाणीदार स्पिरिट मिळतं. मिश्रण काचेच्या बाटलीत काढून एक रात्र स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर ते मशीनमध्ये घालू नका. मोटारसायकलमध्येही नको.

दुसरं, इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकातून) गेलेलं ई२० जुन्या पेट्रोलपेक्षा लीन जळतं. आणि तिसरं, जुन्या रबराच्या नळ्या आणि कार्बोरेटरमधले डायफ्रॅम (पातळ पडदे) त्याने आधी फुगतात, मग कडक होतात.

प्रमाण मॅन्युअलमधलंच. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. चिनी मशीनवर बहुधा २५:१ छापलेलं असतं. ५०:१ हे चांगल्या सिंथेटिक ऑइलसाठी, ते निर्मात्याने सांगितलं असेल तरच. ऑइलच्या डब्यावर जासो एफसी किंवा एफडी हा दर्जा बघा. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं घेऊ नका. ते होड्यांच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं, हवेने थंड होणाऱ्या चेनसॉचं तापमान त्याला झेपत नाही.

मोजायला औषधाची इंजेक्शनची सिरिंज वापरा. बाटलीचं बूच मोजमाप नाही.

करवती

ऐरोली खाडी यांच्याशी सहमत. एक भर: ‘जरा जास्तच ऑइल घातलं तर इंजिन सुरक्षित’ हा समज अर्धाच खरा आहे. ऑइल जास्त म्हणजे त्याच जेटमधून पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण आणखी लीन, वर प्लग आणि सायलेन्सरवर कार्बन. मोजलेलं तेवढंच घाला.

काही जण पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल ‘धुऊन’ काढतात. ते करू नका. ऑक्टेन खाली येतो आणि पाण्याचा अंश राहतो तो वेगळाच.

कोलशेतकर

सगळ्यांचे आभार. क्रमाने लिहितो.

एअर फिल्टर स्वच्छ, काढून चालवली तरी फरक नाही. झाकण सैल केल्यावरही नाही. टाकीतला फिल्टर तपकिरी झालाय. नळी टाकीच्या भिंतीपाशी चिकट आणि मऊ, वाकवली तर बारीक चिरा दिसतात. ठिणगीची जाळी नाही. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने गुळगुळीत, लटकवल्यावर थांबत थांबत खाली येते. प्लग पांढरट-राखाडी. मिश्रण लिटरला ४० मिली, एफसी ऑइल, पण पावसाळ्याआधीचं. बाटलीत थर दिसला नाही, फक्त वास उतरलाय. एच-एलला हात लावलेला नाही.

जुना फिटर

उत्तम माहिती दिलीत. पांढरा प्लग म्हणजे लीन. चांगल्या मिश्रणावर तो कॉफीच्या रंगाचा असतो. लीन होण्याची कारणं दोनच: पेट्रोल कमी येतंय, किंवा हवा जास्त येतेय. तुमच्याकडे पहिल्याचा पुरावा नळीतच आहे. पण आयडल वर-खाली होतंय ते दुसऱ्याचंही लक्षण आहे, म्हणून दोन्ही बघू.

आधी नळी. कार्बोरेटरच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः प्रायमरचा (दाबून पेट्रोल ओढायचा) फुगा असेल तर. येणारी आणि परत जाणारी नळी उलट लागली की मशीन चालूच होत नाही. जुनी नळी कापून नमुन्याला घेऊन जा, कारण आतला-बाहेरचा व्यास जुळला नाही तर टाकीच्या भोकात ती सैल बसते आणि हवा ओढते. रबरी बूच असलेलं मॉडेल असेल तर तेही नवं घ्या. नव्या नळीचं टोक तिरपं, लांब कापा, भोकातून आत सरकवून टाकीच्या तोंडातून चिमट्याने ओढा, मग तिरपा भाग कापून फिल्टर बसवा. फिल्टर टाकीच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत पोचेल एवढी लांबी हवी. आखूड पडली तर मशीन तिरपी धरल्यावर हवा ओढते.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला अशा चिनी मशीनचे नळी, फिल्टर, प्रायमर यांचे संच मिळतात. वागळे किंवा तुर्भे एमआयडीसीत पॉवर टूल दुरुस्त करणाऱ्यांकडेही विचारा.

मग कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या मधला रबरी जोड, आपण त्याला बूट म्हणतो. बाहेरून धडधाकट दिसतो. काढून बोटांनी फाकवल्याशिवाय घडीतली चीर दिसत नाही. क्लॅम्प सैल नाही ना तेही बघा. क्रँककेसमधून (पिस्टनखालच्या बंद पेटीतून) कार्बोरेटरच्या पंपाला जाणारी दाबाची बारीक वाट किंवा नळी असते, तीही तपासा. ती फाटली की पंपच चालत नाही.

बेलापूरवाली

चीर शोधायला चालू मशीनवर कार्ब क्लीनर फवारायचा आणि आरपीएम बदलला की गळती तिथे, ही युक्ती चालते ना?

जुना फिटर

ताई, युक्ती चालते, पण चेनसॉवर मी ती सांगणार नाही. कार्ब क्लीनर ज्वालाग्राही आहे आणि गरम सायलेन्सर तिथून वीतभरसुद्धा लांब नसतो. त्यापेक्षा बंद आणि थंड मशीनवर दाबाची चाचणी करा, ती खात्रीचीही आहे.

सायलेन्सर सैल करून त्याच्या आणि सिलिंडरच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालून पुन्हा आवळा. कार्बोरेटर काढून बूटाचं तोंडही तसंच बंद करा. प्लगच्या भोकात रबरी बोळा बसवून त्यातून हातपंपाने ०.५ बार हवा भरा. पिस्टन खाली असू द्या, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (सिलिंडर आणि क्रँककेस जोडणाऱ्या वाटा) उघडे राहून हवा क्रँककेसमध्ये जाते. दाब २० सेकंद टिकला पाहिजे. पडत असेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा सांगतात. बूट, सिलिंडरच्या तळाचं गॅस्केट आणि क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील, एवढ्याच जागा असतात. सील क्लचच्या आणि फ्लायव्हीलच्या मागे लपलेली असतात.

फक्त दाब पुरेसा नाही. त्याच जागी ०.५ बार निर्वातही द्या. काही सीलच्या ओठांना आतून दाब दिला की ती घट्ट बसतात आणि ओढ दिली की हवा आत घेतात. २० सेकंदांत निर्वात ०.३ च्या खाली घसरला तर सील बदला. दुचाकीचे ब्रेक ब्लीड करायचा हातपंप दाब आणि निर्वात दोन्ही देणारा असेल तर वेगळं उपकरण लागत नाही.

नेरूळचा माळी

कार्बोरेटर काढणारच आहात तर बदलण्याआधी तो उघडून बघा. या मशीनवर वालब्रो डब्ल्यूटी धर्तीचा असतो, दोन्ही बाजूंना झाकण. एका स्क्रूची बाजू म्हणजे पंप, चार स्क्रूची बाजू म्हणजे मीटरिंग, म्हणजे इंजिनला जाणारं पेट्रोल मोजून सोडणारा भाग.

पंपाच्या बाजूला झाकणाखाली नखाएवढी गोल जाळी असते. टाकीतला फिल्टर फाटलेला किंवा नळी विरघळत असली की हीच जाळी आधी तुंबते, आणि बहुतेक लोक ती न बघताच कार्बोरेटर टाकून देतात. सुईने उचलून साफ करा.

मीटरिंगच्या बाजूचा डायफ्रॅम हातात घ्या. नवा असतो तेव्हा लिबलिबीत, आवाज न करता वाकतो. वाकवताना कुरकुरला किंवा घडी तशीच राहिली तर बदला. त्याखालचा लिव्हर आणि सुई काढण्याआधी लिव्हर कुठल्या उंचीवर आहे ते नीट पाहून ठेवा आणि परत तिथेच बसवा. लिव्हर वर राहिला तर मशीन फ्लड होते (पेट्रोल जास्त येतं), खाली गेला तर उपाशी राहते. सुईच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर सुईही किटमधलीच घाला.

बसवताना क्रम: मीटरिंगला बॉडीवर आधी गॅस्केट, मग डायफ्रॅम. पंपाला उलट, बॉडीवर आधी डायफ्रॅम, मग गॅस्केट. हा क्रम चुकला की सगळं स्वच्छ असूनही मशीन मुकी राहते.

भोकांत तार घालू नका, जेट रुंदावतात. क्लीनर फवारून हवा मारा. हवा मारताना डायफ्रॅम आत नकोत.

घोडबंदर ४००६१५

थोडं विषयांतर. माझी विजेवरची आहे, १६ इंची, २००० वॅटची. लोड दिला की दबते आणि जळका वास येतो. हाच धागा चालेल की नवा काढू?

करवती

इथेच चालेल. आधी एक्स्टेन्शन बघा. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर. घरातली बारीक वायरची गुंडाळी लावली तर व्होल्टेज पडतं, मोटर दबते आणि तापते. २.५ चौरस मिमीची वायर, गुंडाळी पूर्ण उलगडलेली, १६ अँपिअरचा सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), यापैकी कशातही कसर नको. ओल्या गवतावर तर वापरूच नका.

तरी दबत असेल तर कार्बन ब्रश. आर्मेचरवर मोठ्या निळसर ठिणग्या दिसल्या आणि ब्रश ५-६ मिमीपेक्षा कमी उरले असतील तर जोडीने बदला, एकच बदलू नका. आणि बोथट चेन मोटर जाळते. तुमच्याकडे कारण तेच निघण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून खालचा धारेचा भाग वाचा.

करवती

आता कोलशेतकर यांचा धूर आणि वाकडा काप, कारण इंजिन कितीही सुधारलं तरी हे राहिलं तर मशीन तापतच राहणार.

धुराची दोन कारणं: बार-चेनचं ऑइल पोचत नाही किंवा चेन बोथट आहे. बारचं टोक सिमेंटच्या पोत्याच्या कोरड्या कागदासमोर २० सेंमीवर धरून अर्धी रेस द्या. काही सेकंदांत कागदावर ऑइलची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बार काढा. बारच्या मागच्या टोकाला बारीक भोक असतं, तिथे भुसा आणि ऑइलची लापशी घट्ट बसलेली असते. तार आणि खराट्याच्या काडीने भोक व पूर्ण खाच साफ करा. मग मशीनच्या अंगावरची ऑइल येण्याची वाट. तरीही नाही आलं तर टाकीतला ऑइलचा फिल्टर, मग क्लचमागचा पंप आणि त्याला फिरवणारं प्लास्टिकचं वर्म गिअर. चेन ब्रेक लागलेला असताना रेस दिली की क्लच तापून हे गिअर वितळतं, म्हणून ब्रेक लावून रेस कधीही नको.

जळालेलं इंजिन ऑइल घालू नका. त्यात धातूची कीस असते, पंप घासतो, वर ते अंगावर आणि जमिनीवर उडतं. चेन ऑइल मिळालं नाही तर साधं एसएई ३० चालतं. या मशीनची पेट्रोलची टाकी साधारण ५५० मिली आणि ऑइलची २६० मिली. पेट्रोल संपेपर्यंत ऑइल जवळजवळ संपलं पाहिजे. ऑइल अर्धं शिल्लक राहिलं तर पंपाचा स्क्रू वाढवा.

वाकडा काप: ज्या बाजूचे दात लांब आणि धारदार, त्या बाजूला काप ओढला जातो. उजवीकडे जातोय म्हणजे डावे दात बोथट किंवा आखूड. व्हर्नियरने दोन्ही बाजूंचे दात मोजा. सगळ्यांत आखूड दात शोधा आणि बाकीचे सगळे त्याच्या मापाला आणा, मग ते कितीही जिवावर येवो.

तुमची चेन बहुधा ०.३२५ इंच पिच (कड्यांमधलं अंतर), ०.०५८ इंच गेज (खाचेत बसणाऱ्या भागाची जाडी). २२ इंची बारला ८६ ड्राइव्ह लिंक (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्या) असतात, पण घेण्याआधी मोजा आणि बारवर कोरलेले आकडे बघा. ०.३२५ ला ४.८ मिमीची गोल कानस. तीन-अष्टमांश लो प्रोफाइलला ४ मिमी, तीन-अष्टमांश पूर्ण मापाला ५.२ किंवा ५.५. चुकीच्या व्यासाच्या कानशीने दाताचा आतला बाक बिघडतो आणि धार दिसते पण टिकत नाही.

बार वाइसमध्ये धरा, चेन जरा घट्ट करा. कानस ३० अंशांत, तिचा साधारण एक-पंचमांश भाग दाताच्या वर दिसेल अशी. दाताच्या आतून बाहेर ढकलायची, परत येताना उचलायची. घासत मागे आणली तर कानसच बोथट होते. प्रत्येक दाताला सारखे घाव: तीन तर सगळ्यांना तीन. एका बाजूचे सगळे झाले की मशीन फिरवून दुसरी बाजू, तोच कोन. उजव्या हाताला एक बाजू सोपी आणि दुसरी अवघड जाते, डावे-उजवे दात वेगळे होतात ते इथेच.

मग डेप्थ गेज, दातापुढचा तो छोटा उंचवटा. तो दातापेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. गेजपट्टी ठेवून सपाट कानशीने घासा आणि पुढची कड पुन्हा गोल करा. धार लावून लावून दात खाली येतो पण उंचवटा तसाच राहतो, मग चेन पाजळूनही लाकूड खात नाही. उलट उंचवटा जास्त घासला तर चेन लाकडात उडी मारते, झटका बसतो.

भुसा बघा. सुतारकामासारखी बारीक पूड पडत असेल तर चेन बोथट, जाड कीस पडत असेल तर ठीक.

बेलापूरवाली

दातांचा हिशेब पटला. बारबद्दल एक: दोन्ही रेल झिजून एक खाली-एक वर झाली तरी काप वळतो. बार काचेवर उभा धरा, एका बाजूला कलला तर रेल असमान आहेत. सपाट कानशीने कडेचा बर (बाहेर आलेली खरखरीत धातूची कड) काढा, समपातळीत आणा आणि दर धारेच्या वेळी बार उलटा करून बसवा. खालची बाजू नेहमी जास्त झिजते.

रस्त्याकडेच्या झाडांचा ओंडका असेल तर साल आधी तपासा. पाट्यांचे खिळे आणि लायटिंगच्या तारा खोडाने गिळलेल्या असतात. एका खिळ्याला सगळ्या चेनची धार जाते. नारळाचं खोड कापल्यावर क्लचचं झाकण लगेच उघडून तंतू काढा, स्प्रॉकेटभोवती (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती) ते दोरासारखे आवळतात.

कोलशेतकर

बूट काढून फाकवला: खालच्या घडीत अर्धा इंच चीर. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. नळी, फिल्टर, बूट, कार्बोरेटर किट बसवलं, जाळीही तुंबलेली होती. ०.५ बार दाब आणि निर्वात दोन्ही टिकले. ताजं मिश्रण घातलं. आता रेस झटकन उचलते. दात मोजून सारखे केल्यावर काप सरळ जातो, ऑइलची रेघ उमटते.

एक उरलं. आता आयडलला चेन हळूहळू फिरते. स्क्रू कसे लावू?

जुना फिटर

आता स्क्रूंची वेळ आली. हवा मुरत असताना मशीन उपाशी होती, तेव्हा आयडल वर ठेवलेलं असणार. आता पूर्ण खुराक मिळाल्यावर ते जास्त झालं.

एच आणि एल दोन्ही स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा, जोर नाही, मग प्रत्येकी एक फेरा बाहेर. मशीन दोन-तीन मिनिटं चालवून गरम करा. उघड्यावरच चालवा, बंद गॅरेज किंवा स्टिल्टमध्ये नको, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. एल हळू आत-बाहेर करून आयडल सगळ्यांत जलद जिथे होतं ती जागा शोधा, तिथून पाव फेरा बाहेर. रेस झटकन दिली की न अडखळता उचलली पाहिजे. मग एलए म्हणजे आयडलचा स्क्रू बाहेर काढत चेन पूर्ण थांबेपर्यंत आणा. मशीन तिरपी-उभी धरूनही आयडल तेच राहायला हवं.

एच शेवटी. पूर्ण रेस, विनालोड, तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त नाही. आवाज स्वच्छ किंचाळणारा असेल तर लीन, एच थोडा बाहेर. किंचित फडफडता आवाज यावा आणि लाकडाला लावल्यावर तो साफ व्हावा. ई२० वर मी तर एच जरासा श्रीमंतच, म्हणजे पेट्रोल किंचित जास्त, ठेवतो. टॅकोमीटर असेल तर मॅन्युअलमधल्या आकड्याच्या खाली.

आयडल कमी करूनही चेन फिरत असेल तर क्लचच्या स्प्रिंगा ताणल्यात किंवा तुटल्यात. क्लचला उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरी भरा, लोखंडी काहीही नाही. स्प्रिंगा सगळ्या एकदम बदला. ड्रमच्या आतल्या सुई बेअरिंगला चिमूटभर ग्रीस.

घोडबंदर ४००६१५

करवती, धार लावल्यावर मोटर दबायची थांबली. चेन किती घट्ट ठेवायची? गरम झाल्यावर लोंबते.

करवती

थंड असताना ताण लावा. बारचं टोक वर उचलून धरा, स्क्रूने चेन खालच्या कडेला टेकेपर्यंत घट्ट करा, टोक उचललेलं असतानाच नट आवळा. हाताने फिरली पाहिजे, आणि मधोमध ओढल्यावर ड्राइव्ह लिंक खाचेतून पूर्ण बाहेर येता कामा नये. नवी चेन पहिल्या काही मिनिटांत लांबते, पुन्हा बघा. गरम असताना ताणली असेल तर काम संपल्यावर सैल करून ठेवा. थंड होताना ती आखडते आणि शाफ्ट व बेअरिंगवर ताण येतो.

स्प्रॉकेटवर ०.५ मिमीपेक्षा खोल खाचा पडल्या असतील तर नवी चेन त्यावर चढवू नका, नव्या चेनलाही तो जुनी करून टाकतो.

नेरूळचा माळी

मशीन आता चालू झाली म्हणून एक सांगून ठेवतो. पडलेल्या फांद्या ठीक, पण उभ्या झाडाची फांदी छाटायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ ठाणे आणि नवी मुंबई दोन्हींना लागू आहे, आणि झाड सोसायटीच्या आवारात असलं तरी सूट नाही.

आणि बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश कशालाही टेकू देऊ नका, मागे फेकणारा झटका तिथूनच येतो. चेन ब्रेक रोज तपासा: अर्ध्या रेसवर मनगटाने दांडा पुढे ढकला, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. लगेच ट्रिगर सोडा.

बेलापूरवाली

पावसाळ्यात चार महिने पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, एवढं पुरतं का?

ऐरोली खाडी

टाकी रिकामी करून चालवल्यावर प्रायमर दाबून पुन्हा एकदा चालू करा, कार्बोरेटरमध्ये थोडं उरतंच. मग प्लग काढून सिलिंडरमध्ये ५ मिली टू-टी ऑइल, दोरी दोन-तीनदा हळू ओढून प्लग परत. पिस्टन वर, म्हणजे ओढ जड लागते तिथे थांबवा, पोर्ट बंद राहतात. चेन काढून ऑइलच्या डब्यात बुडवून ठेवा. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत ती आठवड्याभरात तांबूस होते. ऑइलची टाकीही रिकामी करा, नाहीतर मशीनखाली डबकं साचतं. तो बिघाड नाही, बऱ्याच पंपांना बंद होणारा व्हॉल्व्हच नसतो. गॅलरीत उघड्यावर ठेवू नका. स्विचचे पॉइंट गंजले की ‘स्पार्क नाही’ म्हणून कॉइल बदलली जाते, आणि दोष निघतो तो स्विचच्या वायरीत. स्विचची वायर कॉइलपासून सोडवून ठिणगी तपासली की तेही घरीच कळतं. कॉइल खरंच काढावी लागली तर बसवताना फ्लायव्हीलच्या लोहचुंबकापासून ०.३ मिमी अंतर ठेवा, फीलर गेज मध्ये घालून स्क्रू आवळा.